बांधलेल्या गाठोड्याची रीत

मी, आबाजी जोतीराम देवकाते, वय चौऱ्याहत्तर, राहणार निरवांगी, ता. इंदापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन ठिकाणावर नाही, पण तो दाखला कोणी मागितला नाही.

एक. राहतं घर सून सुप्रिया हिला. नवरा तुरुंगात गेल्यावर माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही.

दोन. मेंढ्या आणि लोकरीची कातर अंथुर्ण्याच्या भाच्याला. त्याने माझ्या घोंगड्या नीट वाळवाव्यात, नुसत्या फेकून ठेवू नयेत.

तीन. पिकअप गाडी पोलिसांच्या आवारात गंजते आहे. ती कोणाला नको.

चार. निरवांगीचं शेत. इथे जरा सविस्तर लिहितो.

मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरताना आम्ही एका गावचं गाठोडं पुढच्या गावी पोचवायचो. बांधलेलं सोडायचं नाही आणि देणाऱ्याचं नाव तिसऱ्याला सांगायचं नाही, ही आमची रीत. मुलगा रणजित हीच रीत ऐकत मोठा झाला. बारामती एमआयडीसीतून तो त्या पिकअपमधून भाड्याने माल न्यायचा. भावकीतल्या कोणीतरी त्याला बंद पिंपं दिली, एवढंच तो सांगतो. त्याने झाकण उघडलं नाही. आत नशेची पावडर होती. तिच्या पैशातून स्फोटकं घेतली गेली आणि परराज्यातल्या एका बाजारात माणसं मेली, असं तपास अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून सांगितलं. नात राजनंदिनीने विचारलं, "आबा, तितं माझ्यायेवढी पोरं व्हती का?"

तुरुंगात भेटलो तेव्हा रणजित म्हणाला, "देणाऱ्याचं नाव न्हाय सांगायचं, आबा. तुमीच शिकिवलंय."

"आरं, ती लोकांची लुगडी-धान्याची गाठोडी व्हती. ह्यात माणसं मेली."

तो उठून आत गेला.

म्हणून ही रीत माझ्या घरापुरती मी आज मोडतो. रणजितने न्यायालयात नाव सांगितलं तर शेत त्याचं, नाही तर राजनंदिनीचं.

पुतण्या कुंडलिक याने रणजितसाठी वकील दिला, प्रत्येक तारखेला सोबत आला. त्याचे उपकार आहेत, म्हणून साक्षीला मानाने त्यालाच बोलावलं आहे.

निरवांगी, १४ फेब्रुवारी २०२५
आबाजी जोतीराम देवकाते (सही)

साक्षीदार: गोकुळ सोपान खरात (सही)

साक्षीदार: कुंडलिक देवकाते. सही नाही. मजकूर वाचून दाखवताना चौथं कलम ऐकून "आबा, जरा भाईर जाऊन येतो" म्हणाले. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. फोन बंद आहे.

त्यांच्या जागी: ठमाबाई खरात (डाव्या हाताचा अंगठा)

सर्वांसमक्ष वाढवलेला मजकूर: उद्या इंदापूरला पोलिसांकडे जाऊन पिंपं देणाऱ्याचं नाव मी स्वतः सांगणार आहे. रणजितची अट मात्र तशीच राहील. त्याचं तोंड त्यानेच उघडायचं आहे.
आबाजी (सही)
गोकुळ (सही), ठमाबाई (अंगठा)