सोवळ्यातला पट्टा

८ जानेवारी

दादा आज पुन्हा देवघरात पडले! चंदन उगाळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणतात. कपाळाला खोक. आणि म्हाताऱ्यांची नाडी दिवसभर टिपणारा, मी आणि माझ्या विभागाने इतकी वर्षं खपून तयार केलेला मनगटी पट्टा बाहेर खुंटीला! सोवळ्यात रबर चालत नाही.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी मनस्वी कालच विचारत होती, "मैम, अंकल रोज़ सुबह इसे उतार क्यों देते हैं?" मी हसून टाळलं. पट्टा काढलेला वेळ आमचा प्रोग्रॅम सरळ वगळतो. नियम माझाच. म्हणजे पडद्यावर दादा ठणठणीत, आणि माणूस जमिनीवर.

१० जानेवारी

वाद घातला. चष्मा चालतो, मग पट्टा का नाही? तर म्हणे, चष्मा बाबांच्या वेळेपासून चालतो.

याच भावाने मला कॉन्व्हेंटात घातलं. बाबा गेले तेव्हा मी एवढीशी होते. पोरगी बाटेल, असं सगळे म्हणत होते. रेल्वे कंट्रोलची रात्रपाळी उतरून दादा मला सायकलवर फाटकाशी सोडायचे. सिस्टर 'गुड मॉर्निंग' म्हणायच्या, हे हात जोडायचे. आणि घरी पूजा होईपर्यंत मी त्यांना शिवायचं नाही!

शेवटी तह झाला. पट्टी रेशमाची हवी. रेशीम विटाळत नाही.

११ जानेवारी

बाबांच्या जीर्ण रेशमी मुकट्याचा काठ कापून पट्टी शिवली. दादांनी पट्ट्याची नाडी टिपणारी डबी नळाखाली धरून तिलाही आंघोळ घातली. म्हणाले, आता ही आपल्यातली झाली.

१५ जानेवारी

मनस्वीने आलेख उघडला आणि मला हाक मारली. पूजेच्या वेळी नाडी काही सेकंद थांबते. रेघ सपाट — मग पुन्हा सुरू. रोज!

अशीच रेघ पकडायची म्हणून तर पट्टा केला. सापडली ती दादांच्या हातावर.

२० जानेवारी

ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी छातीला यंत्र लावून खात्री केली. पेसमेकर बसवायचा, आणि तोही लवकर. एखाद्या दिवशी रेघ पुन्हा सुरू होणार नाही, असं मला बाजूला घेऊन सांगितलं.

दादा नाही म्हणाले. परतताना टॅक्सीत एकदाच बोलले. "पट्टा काढून ठेवता येतो, वसू. आतलं यंत्र पूजेआधी काढून कुठे ठेवू?"

 

२२ जानेवारी

दादांचा नकार कायम. सकाळी देवघराच्या दाराशी बसून राहते. घंटा वाजली की श्वास सोडते.

२५ जानेवारी

मी नाद सोडला होता. संध्याकाळी आपणहून म्हणाले, दाखव ती रेघ.

लॅपटॉप पुढे ठेवला. कंट्रोलमध्ये दादांनी जन्मभर मोठ्या कागदावर गाड्यांच्या रेघा ओढल्या — कुठली मधल्या स्टेशनात थांबवायची, कुठली पुढे काढायची. तसंच बोट रेघेवरून नेत गेले. सपाट जागी थांबले.

"अशी गाडी मी पुढे सोडली नसती."

मग विचारलं, मी तिकडे ग्वाल्हेरला असताना पूजा कोण करणार? मी करीन म्हटलं. आमच्याकडे बायकांनी सोवळ्यातली पूजा कधी केलेली नाही. वाटलं, रागावतील. पण विचारलं, अथर्वशीर्ष येतं का. अर्धं येतं, म्हटलं. उरलेलं शिकून घे म्हणाले — आणि मध्ये सिस्टरांचं काही घालू नकोस! किती दिवसांनी हसले.

३ फेब्रुवारी

दादांचा मुलगा मुकुल भोपाळहून आला आहे, तो त्यांच्यासोबत ग्वाल्हेरला. मी इथे पूजेला. गार पाण्याने आंघोळ, अंगावर आईचं रेशमी लुगडं. अथर्वशीर्ष मध्येच अडलं. पुढचं काही केल्या आठवेना. ओठांवर शाळेतली सकाळची प्रार्थना आली, तीच म्हटली. दादांना सांगणार नाही.

दुपारी मुकुलचा फोन. "आत्या, हो गया. बाबा ठीक हैं."

फोन ठेवला आणि रडले.

१६ फेब्रुवारी

नाडी सरळ चालते. आज दादा आंघोळ करून आले. मुकटा नेसले नव्हते, साधं धोतर होतं. देवघराच्या उंबऱ्याबाहेर पाट मांडून बसले. आत या, म्हटलं. नकाराची मान हलवली, छातीवर बोट ठेवलं.

"यापुढे तूच कर, वसू. मी इथून सांगतो."