जोडवी काढायची नाहीत

१२ एप्रिल २०२१
पारनेरजवळच्या मंगल कार्यालयाचा आता कोरोनाचा दवाखाना झालाय. आज मला नि म्हाताऱ्याला एकाच ॲम्ब्युलन्समधून आणलं. लग्नात वरात बैलगाडीतून निघाली होती, मोटारीचा योग आत्ता आला. तो पुरुषांच्या हॉलात, मी बायकांच्या. मधे नुसता पडदा. त्याचं खोकणं बरोबर ओळखू येतं. मला अक्षर येत नाही. मी सांगते, राजेश्वरी सिस्टर लिहून घेते. जेवण बरंय, वरणात मीठ घालायला विसरतात.

१४ एप्रिल
पायाची बोटं जांभळी पडून सुजलीत. पोटऱ्यांवर जाळीसारखे डाग उठलेत. डॉक्टर म्हणाले, या आजारात कातडीतल्या बारीक नसांत रक्त गोठतं. जोडवी रुतलीत, कापून काढू. आमच्यात जोडवी उतरतात ती नवरा गेल्यावरच. नणंदेला, साळूबाईला फोन लावला. ती कडाडली, "माझा भाऊ जिता हाय. हात लावू दिलास तर याद राख, रतने." चाळीस वर्षांत या बाईनं मला गोड हाक मारली नाही. पण या वेळी मला तिचंच पटलं. अंगठा उठवायचा कागद परत धाडला.

१६ एप्रिल
म्हाताऱ्याचा सिस्टरकडून निरोप आला: चांदी गेली चुलीत, बोटं सांभाळ. मी उलट निरोप दिला, तुमी उठून इकडं या, तुमच्या हातानं काढा.

१७ एप्रिल
बोटं काळी. सिस्टरनं सुई टोचली. दुसऱ्याच कुणाच्या पायाला टोचल्यागत वाटलं. काळं वर सरकतंय. मी पाय पांघरुणात लपवते. सरकू दे. जोवर जोडवी पायात, तोवर म्हातारा —

१८ एप्रिल
खोकणं ऐकू येत नाही. सिस्टर म्हणते, झोपलेत. सकाळीही म्हणाली, झोपलेत.
निरोप नाही.

१९ एप्रिल
साळूवन्संचा फोन. आपणहून. मला रतनबाई म्हणाली. जेवलीस का, विचारलं. मग हळूच म्हणाली, जोडवी काढू दे बाई, पायाला जप.
मी विचारलं, वन्सं, ते बरे हायेत ना?
म्हणाली, आधी पायाचं बघ. नि फोन ठेवला.
डॉक्टर कटर घेऊन पायाशी बसलेत. मी पाय पोटाशी घेतलेत. राजेश्वरी, थांबू नको, लिही. डॉक्टरांना सांग, आजचा दिवस राहू द्या, नुसता आजचा —
पोरी, तू रडतीस का, मला अजून कुणी काही सांगितलंच