गणिताचा दुसरा पेपर

अव्वा,

दुपारी जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटात मी कॉम्प्युटरपुढे बसते, आणि हे काम तुला दाखवावंसं वाटतं. शाळावाले मला नुसता टाइप केलेला मजकूर पाठवतात. ना समास, ना पानं, लांबच लांब ओळी. मी काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ लिहिते, कागद केवढा, समास किती, पान कुठं तोडायचं, आणि बटण दाबते. छापायची पानं तयार. चुकलं तर ओळ सुधारून पुन्हा दाबायचं. तुझं तसं नव्हतं. भवानी पेठेतल्या शाळेच्या ऑफिसात तू टाइपरायटरची रिबन बाजूला सारून उघड्या अक्षरांनी मेणकागदाची स्टेन्सिल कापायचीस, मग तिच्यावरून सगळ्या प्रती निघायच्या. एक अक्षर चुकलं की त्यावर लाल औषध लावायचं, फुंकर घालायची, वाळेपर्यंत हात आवरून बसायचं. परीक्षेचे पेपर कापताना तू आतून कडी लावायचीस. मला सांगून ठेवलं होतंस, त्या दिवसांत ऑफिसकडं फिरकायचं नाही. मी त्या बाजूच्या नळावर पाणीसुद्धा पीत नसे.

शालान्तच्या आधीची पूर्वपरीक्षा होती. सकाळी गणिताचा पेपर झाला, आणि वर्ग रिकामा झाल्यावर बाकाखाली एक चिठ्ठी सापडली. पेपरातली चार गणितं जशीच्या तशी, हातानं उतरवलेली. हेडमास्तरांनी तुला बोलावून घेतलं. तिथं काय बोलणं झालं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. नंतर शिपाईमामांनी सांगितलं. हेडमास्तर म्हणाले होते, "बाई, स्टेन्सिल तुम्ही कापली. मुलगी तुमची, त्याच वर्गात. मी नाही विचारलं तर उद्या पालक मला विचारतील." तू एवढंच म्हणालीस, "मला घरी जाऊन येऊ द्या, सर." अप्पा गेल्यावर आपण दोघी तुझ्या त्या नोकरीवरच तर होतो.

मी स्वयंपाकघरात जेवायला बसले आहे. तू दारातून आत येतेस, चपलाही काढत नाहीस. रागावलीस की तुझ्या तोंडी कन्नड यायचं. "खरे हेळ, खरं सांग," तू म्हणतेस. "पेपर बघितलास काय तू?"

"कुठला पेपर?"

"गणिताचा. आधी बघितलास काय?"

"नाही बघितला, अव्वा."

तू माझ्याकडं बघत राहतेस. भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच. मला वाटतं, आता म्हणशील, बरं, जेव. तू म्हणतेस, "हात धू. चल."

रस्ताभर तू माझं मनगट सोडलं नाहीस. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड चालली होती, तू काही बोलली असतीस तरी ऐकू आलं नसतं. हेडमास्तरांच्या खोलीत शिरून तू म्हणालीस, "हिला आत्ता दुसरा पेपर द्या. एकटीला बसवा. मी फाटकाबाहेर थांबते, आईनं खाणाखुणा केल्या असं कुणी म्हणायला नको."

गणिताच्या सरांनी फळ्यावर नवी गणितं लिहिली. हेडमास्तर समोर खुर्ची टाकून बसले. खिडकीतून मला फाटकाबाहेर तुझी पाठ दिसत होती. तू एकदाही वळली नाहीस. मी लिहायला घेतलं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपेक्षा कमी मार्क पडले तर चोर ठरेन ती मीच, आणि नोकरी जाईल ती तुझी. येत असलेलं गणित मी तीनदा खोडलं. घामानं कागद हाताला चिकटत होता. शेवटचं राहिलंच.

सरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवून तपासले. शिपाईमामांनी तुला आत आणलं. "थोडे कमी आहेत," सर म्हणाले, "पण रीत दोन्हीकडं तीच आहे. पोरीनं बघितलेला नाही."

हेडमास्तरांनी मान हलवली. "मुलीचं काही नाही, बाई."

"आणि माझं?" तू विचारलंस.

ते टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. "बघू," म्हणाले.

सगळ्या वर्गाचा पेपर पुन्हा झाला. फोडला कुणी ते कधीच कळलं नाही. तुझी नोकरी राहिली, पण स्टेन्सिलचं काम दुसऱ्या क्लार्ककडं गेलं, आणि निवृत्त होईपर्यंत तुला ते परत मिळालं नाही. घरी तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. त्या दिवशी परतताना तू मला रसवंतीत नेलंस. मी पेल्याला हात लावला नाही. "पी की," तू म्हणालीस. मी नाही म्हटल्यावर दोन्ही पेले तूच संपवलेस, हळूहळू, भिंतीकडं बघत.

परवा मी तिमाहीचे पेपर तयार करत होते. इथल्याच शाळेचे. नात आत आली, तीही त्याच शाळेत आहे. मी चटकन पडदा बंद केला. ती दारात थांबली. "आजी, माझ्यावर विश्वास नाही काय?"

"आहे की," मी म्हणाले. उत्तरासाठी तिला थांबावं लागलं नाही. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मग काम केलं.

दोन्ही गोष्टी करता येतात, अव्वा. विश्वास आहे म्हणायचं आणि दारही लावायचं. तुझ्यापुढं त्या दिवशी काय होतं ते मला आता कळतं. मला घेऊन शाळेत गेलीस ते बरोबरच केलंस, नाहीतर ती चिठ्ठी जन्मभर माझ्या नावावर राहिली असती. पण स्वयंपाकघरातून निघण्याआधी तू एक शब्द बोलली असतीस तर मला तो पुरला असता. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले. तरी तेवढ्यापुरता माझा राग गेलेला नाही. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं.