गारांना रंभा ठाऊक नाही

कुरखेडा, ता. ४ एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप दादाजीभाऊंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही उभयता कुशल. ‘उभयता’पाशी आपण चष्मा पुसला असेल, पुसून पुन्हा वाचावे.

आपले आज्ञापत्र पावले. माघात मी विधवेशी विवाह केला, फाल्गुनात गारपिटीने गावाचे लाखोळी डाळीचे उभे पीक झोपले. सबब पाडव्यापूर्वी रंभेस माहेरी धाडावे, अन्यथा चांद्याच्या घराचे दार बंद! न्यायदानात इतकी त्वरा दुर्मीळच.

अस्मादिकांनी नागपूरच्या वेधशाळेतील सहाध्यायास पृच्छा केली. तो लिहितो : पाच-सात मैल उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वारा वाहतो, पण सरळ नव्हे, नागमोडी. एकेक लाट हजारो मैलांची. यंदा तिचे एक वळण दक्षिणेस वाकून आपल्या माथ्यावर रेंगाळले. वर अतिशीत वायू, खाली आपली तापलेली दमट हवा. त्या संघर्षाचे अपत्य म्हणजे गारा. त्याच लाटेने पंजाबातही गहू लोळवला. तिकडे कोणी पुनर्विवाह केला, हे आपणच शोधावे.

मंत्राने गारा परतवणारा आपला गारपगारी इस्तारी याच्यावरही गाव रुष्ट आहे. रंभेच्या कुंकवाने मंत्र फसला, असे त्यानेच चावडीवर सांगितले होते. त्यास ओसरीवर बसवून मी लाट समजावली.

“गुरुजी, एवढ्या मोठ्या लाटेले माहा मंतर कसा अडवते?”

“नाहीच अडवत.”

“मंग माही चूक नाई?”

“नाही.”

तो रंभेकडे वळला. “मंग बाई, तुही बी नाई. त्या लाटेले आपलं गाव कुठी आहे, हेच ठाऊक नाई!”

चावडीवर जाऊन त्याने आपले शब्द मागे घेतले. गाव अजून रंभेस विहिरीवर येऊ देत नाही. पाणी मी भरतो. माझ्या विद्वत्तेस घागर शोभते.

एक गोष्ट लिहिण्याचे टाळत होतो. आपले पत्र रंभेने माझ्याआधी वाचले. मी शाळेतून परतलो, तो ती गाठोडे बांधून बसलेली. “माह्यापायी भावाभावात काऊन तोडता?” एवढेच म्हणाली. त्या क्षणी, भाऊ, मला एकही संस्कृत शब्द सुचला नाही. गाठोडे मी सोडले.

पाडव्यास आम्ही दोघे चांद्यास येत आहोत. दार बंद असल्यास पायरीवर शिदोरी सोडू आणि येणाऱ्याजाणाऱ्यास सांगू, दादाजीभाऊंचा भाऊ सपत्नीक आला आहे.

आज्ञा मोडणारा, नमस्कार न मोडणारा,
रंभेचा पती व आपला धाकटा
लटारू