मेमसाहेबांचे कंद

नासिरचे अब्बा,

तव्यावर झाकून ठेवलेल्या ऑम्लेटला हात लावू नका. त्यात कांदा नाही, मेमसाहेबांनी दिलेल्या बर्फाच्या फुलांचे कंद आहेत. एकाची चार रोपं व्हावीत म्हणून त्यांनी शिकवलं तशा मी ब्लेडने फोडी करून बशीत ठेवल्या होत्या. "दुबईत बर्फाची फुलं!" म्हणून तुम्ही हसला होतात, तेच. ओली वाळू आणायला मी अंगणात गेले आणि इकडे तुमच्या भावाला भूक लागली. याकूबला वाटलं, भाभीने कांदा चिरून ठेवलाय. स्वतः खाल्लं, लाडक्या पुतण्याला भरवलं, आणि तुमच्यासाठी उरवलं.

हे विषारी असतात, मुलाच्या हाताला लागू देऊ नकोस, असं मेमसाहेबांनी बजावलं होतं. बशी मीच खाली ठेवली.

याकूबला उलट्या सुरू झाल्यात. नासिरला अजून काही नाही. मांडीवर बसून हसतोय, "अम्मी, कांदा कडू" म्हणतोय. मी सारखे त्याचे ओठ पुसतेय. तो हसतोय त्याचीच मला जास्त भीती वाटतेय.

शेजारच्या हव्वाबी सोबत आहेत. अब्राच्या होडीत बसून खाडीपलीकडच्या इस्पितळात जातोय. डॉक्टरांना दाखवायला एक अख्खा कंद घेतलाय. तुम्ही सरळ तिकडेच या.

न विचारता घराबाहेर पडले म्हणून रागावू नका. आपली सकीना तापली होती, तेव्हा तुम्ही येईपर्यंत मी थांबले होते. आज थांबणार नाही.

झुबेदा