नागेशने उतरवलेले कोलंबाचरित्र

मी, विभावरी रघुनाथ टेंब्ये, वय ५७, व्यवसाय वार्ताहर, राहणार जुमेरा लेक टॉवर्स, दुबई, लिहून ठेवते की माझ्या हृदयाबद्दल डॉक्टर साशंक असले तरी बुद्धीबद्दल कोणी नाही, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे.

१. राहते घर भाड्याचे आहे. ते कोणाला देता येत नाही, याचे मलाही वाईट वाटते. बँकेतली शिल्लक भाची तनयाला. संस्कृत शब्दकोश धाकटा भाऊ मधू याला. शाळेत त्याची सगळी रूपे मीच लिहून दिली, आता त्याने स्वतः शोधावीत.

२. माझे दहन इथेच व्हावे. देह विमानाने गुहागरला नेण्याची मधूची इच्छा मी ऐकली आहे आणि नाकारली आहे.

३. आता मुख्य गोष्ट. सहाव्या शतकातल्या आयरिश संत कोलंबाचे चरित्र मी मराठीत हाताने लिहीत आहे. त्याने गुरूची पोथी चोरून उतरवली, अशी दंतकथा आहे. राजाने निवाडा दिला : गाय ज्याची त्याचे वासरू, पोथी ज्याची त्याची प्रत. त्यावरून लढाई पेटली, माणसे मेली, आणि संत देश सोडून एका बेटावर गेला. तिथेही त्याने जन्मभर पोथ्याच उतरवल्या. माणूस सुधारतो, पण किती!

रास अल खैमाच्या टाइल्स कारखान्यातला नागेश माझ्या एका बातमीमुळे ओळखीचा झाला. रोल्ला बाजारात बांधणीसाठी दिलेली माझी वही त्याने आणायची होती. त्याने ती आठ दिवस ठेवून घेतली, सगळी उतरवली आणि खोलीतल्या दहाजणांना सुट्टीत वाचून दाखवली. मायदेशाहून दमून आलेल्या क्रौंचाला संत तीन दिवस पाहुणा ठेवतो, ती गोष्ट त्यांनी म्हणे दोनदा वाचायला लावली. क्रौंच कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून नागेशने बगळा घातला. मी त्याला राजाचा निवाडा ऐकवला आणि प्रत काढून घेतली. त्याने ती दिली. दारात थांबून म्हणाला,

“ताई, त्या राजाचं नाव तुम्हीसुद्धा लिहिलेलं नाहीत.”

याला तीन वर्षे झाली. ती प्रत माझ्याच कपाटात आहे.

४. ती प्रत तनयाने स्वतः नेऊन नागेशच्या हातात द्यावी, कुरिअरने नाही. “आत्या, ही वोंट टेक इट,” असे तिचे मत आहे. नाही घेतली तर पुन्हा जावे. मूळ वहीही त्यालाच. मधूने वारस म्हणून हक्क सांगू नये. आणखी कोणाला उतरवून घ्यायची असल्यास खुशाल घ्यावी.

५. शेवटच्या दिवशी कोलंबा स्तोत्र उतरवत होता. पान संपले तशी त्याने लेखणी ठेवली आणि सांगितले, पुढचे माझ्या शिष्याने लिहावे. माझा अखेरचा अध्याय अर्धा आहे. पुढचे नागेशने लिहावे. शब्द त्याचेच असावेत. तपासायला मी नसेन.

सही : विभावरी र. टेंब्ये

ही सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली :
१. डॉ. जुलेखा काझी, शेजारीण
२. देवांश बर्वे, सहकारी

दुबई, ११ फेब्रुवारी २०२५