लांडग्याच्या तोंडातला देव

नागपूर, ८ जुलै २०१४

चि. मैत्रेय यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पोस्टाचं पत्र बघून चकित होशील. पण फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता आणि बाबा शेजारीच बसलेले असतात.

तुझ्या लेकीनं, दीनानं पाठवलेला फोटो मी मोठा करून करून पाहिला. उंच दगडी क्रूस आणि त्यासमोर आपले बाबा, हात जोडून. तुझ्या बायकोला, स्नेहलला विचारलं तर म्हणाली, इकडे जुलैत हिवाळा असतो, थंडीनं हात चोळत असतील. चोळणं आणि जोडणं यातला फरक मला कळतो म्हणावं. शिवाय परतीचं तिकीट दोनदा पुढे गेलं, दोन्ही वेळा कारण वेगळं. शेजारच्या चर्चमधल्या बायका केक घेऊन येतात, हेही बाबांनीच सांगितलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

अशोक विजयादशमीला आपल्या विहारात ध्वज बाबांच्या हस्ते लावायचं ठरलं आहे. छप्पन साली, दहाव्या वर्षी, वडिलांचं बोट धरून दीक्षा घेतलेला माणूस म्हणून मीच नाव सुचवलं. त्यांचं मन फिरलं असेल तर आताच सांग, मी नाव मागे घेते. आई गेल्यावर आता बाबाही असे हातचे जातील, याची मला फार भीती वाटते.

तुझी,
लताताई

हॉर्नबी, २२ जुलै २०१४

ती. ताईस,
सविनय जयभीम.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं तुझं झालं आहे. तो क्रूस चर्चचा नाही, आमच्या यार्डातला आहे. इथल्या भूकंपात पडलेल्या इमारतींचे दगड तिथे दुरुस्तीला येतात. आमचा मालक मूळचा मॅन बेटाकडचा. उत्तरेकडून जहाजांनी येऊन तिथे स्थायिक झालेले नॉर्स लोक हजारेक वर्षांपूर्वी ख्रिस्ती होत होते, तेव्हा असे दगड कोरले गेले. त्यातल्या एकाची त्यानं हौसेनं नक्कल केली आहे. एका बाजूला क्रूस आणि पुस्तक घेतलेला माणूस. दुसऱ्या बाजूला त्यांचा जुना देव ओडिन, खांद्यावर डोमकावळा आणि पाय लांडग्याच्या तोंडात. लांडगा त्याला गिळतोय.

बाबा माझ्याबरोबर यार्डात येतात आणि ती देवाची बाजूच बघत बसतात. तिकिटाचं म्हणशील तर पहिल्यांदा दीनाची परीक्षा होती, दुसऱ्यांदा बाबांनीच नको म्हटलं. का, ते सांगत नाहीत. दीनाकडून ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या बोलीत ‘सगळं झकास’, शिकलेत, काही विचारलं की तेवढंच म्हणतात. तुझं पत्र शेवटी त्यांनाच वाचायला दिलं. रागावू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे, संशय थोडा कमी कर.

तुझा,
मैत्रेय

हॉर्नबी, ३ ऑगस्ट २०१४

चि. लतास,
जयभीम व आशीर्वाद.

बापाची चौकशी भावाकडे करतेस, हे काही बरं नाही. बावीस प्रतिज्ञांतली एकही मी मोडलेली नाही. हे आधी वाच आणि पाणी पी.

दीक्षा घेऊन घरी आलो तेव्हा माझ्या बापानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि कन्हान नदीत सोडले. वळून बघायचं नाही म्हणाला, मी बघितलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या देवांच्या नावानंच लोकांनी आपल्याला पाण्यापासून दूर ठेवलं. पण इथे हा दगड पाहिला आणि त्यातला एक टाक डोळ्यांपुढे आला. घोड्यावरचा देव, लगामासकट.

देवाला लांडग्याच्या तोंडी द्यायचा तरी आधी तो नीट कोरावा लागतो. तो कारागीर डोमकावळासुद्धा विसरला नाही. कुठून निघालो आणि कुठे आलो, ते एकाच दगडावर ठेवून गेला. आपल्याकडे मागची बाजू कोरीच आहे. हात जोडले ते त्या कारागिराला.

ध्वज लावायचा म्हणजे पोरांपुढे दोन शब्द बोलावे लागणार. हे तिथे बोलावं का, ते ठरेना, म्हणून तिकीट लांबवलं. अजूनही शंका असेल तर माझं नाव बेलाशक काढ.

तुझे,
बाबा

नागपूर, १९ ऑगस्ट २०१४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा संशयानंच वाचलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना रडू आलं.

नाव काढलेलं नाही. तिकीट काढा. जे मला लिहिलंत तेच पोरांपुढे बोला. कोणी नाक मुरडलंच तर मी शेजारी उभी आहे.

एकच विचारते. घोड्यावर कोण बसलं होतं? इतकी वर्षं मी शाळेत इतिहास शिकवते आणि आपल्या घरातून कोण गेलं, ते मला माहीत नाही. मला त्याला हात जोडायचे नाहीत. फक्त नाव हवं आहे.

संशयी लेकीवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
लता